गोवर घरचा की पाहुणा?

१० नोव्हेंबर २०२५ रोजी कॅनडाने २७ वर्षे जपलेला एक दर्जा गमावला. ‘गोवराचे निर्मूलन झालेला देश’ ही १९९८ पासूनची त्याची ओळख होती. पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेने ती काढून घेतली. एक सभासद देश बाहेर पडला की अख्ख्या विभागाचा दर्जा जातो, असा नियम असल्याने त्याच दिवशी उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून सगळा विभागच गोवरमुक्त राहिला नाही. त्या वर्षात कॅनडात गोवराचे पाच हजारांहून अधिक रुग्ण सापडले होते. पोटात असतानाच आईकडून लागण झालेली दोन अर्भके दगावली होती.

पण दर्जा गेला तो पाच हजार या आकड्यामुळे नाही. समजा, हेच पाच हजार रुग्ण वेगवेगळ्या देशांतून आलेल्या शंभर प्रवाशांमुळे, शंभर लहान-लहान उद्रेकांतून झाले असते आणि प्रत्येक उद्रेक दोन-तीन महिन्यांत विझला असता, तर कॅनडाचा दर्जा कायम राहिला असता. तसे झाले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यू ब्रन्सविक प्रांतात एका प्रवाशामार्फत शिरलेले विषाणूचे एकच वाण पुढे ऑन्टारियोत, अल्बर्टात आणि इतरत्र लस न घेतलेल्या समुदायांत फिरत राहिले, आणि बारा महिने उलटले तरी ते थांबले नव्हते. पाहुणा म्हणून आलेला विषाणू वर्षभर मुक्काम ठोकून राहिला की तो पाहुणा उरत नाही, घरचा होतो. निर्मूलनाचा सगळा हिशेब या एका प्रश्नावर उभा आहे: सापडलेला गोवर घरचा की पाहुणा?

भारताने गोवर आणि रुबेलाच्या निर्मूलनासाठी २०२६ ही मुदत ठरवली आहे. त्यामुळे हा प्रश्न आता आपल्याही दारात येऊन उभा आहे.

‘निर्मूलन’ म्हटले की एकही रुग्ण नसणे असाच अर्थ आपल्या मनात येतो. देवी आणि पोलिओ यांच्या मोहिमांनी तशी सवय लावली आहे. गोवराच्या बाबतीत मात्र आरोग्य यंत्रणा हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरते. देशातल्या देशात, एकाकडून दुसऱ्याकडे अशी लागणीची साखळी किमान बारा महिने चालू नसणे, आणि ती चालू असती तर पकडली गेली असती इतकी पाहणी चोख असणे, म्हणजे निर्मूलन. ही स्थिती सलग ३६ महिने टिकली, तरच त्यावर अधिकृत शिक्कामोर्तब होते. व्याख्या अशी ठेवण्यामागे नाइलाज आहे. लस न घेतलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. इतका संसर्गजन्य आजार क्वचितच दुसरा असेल. जगात कुठेही गोवर शिल्लक असेपर्यंत तो विमानात बसून कोणत्याही देशात येणारच. बाहेरून पडणाऱ्या ठिणग्या कोणालाच रोखता येत नाहीत. आतले रान ओले आहे की सुके, एवढेच हातात असते.

मग ठिणगी बाहेरची होती की आतच धुमसत होती, हे ओळखायचे कसे? रुग्णाला विचारून फारसे हाती लागत नाही. अंगावर पुरळ उठते ते लागण झाल्यावर साधारण दोन आठवड्यांनी. मधल्या काळात ते मूल बाजारात, लग्नात, एसटीच्या स्थानकावर, दवाखान्याच्या बाकड्यावर कुठेकुठे बसून आलेले असते. त्यात हा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणजे ज्याच्यामुळे लागण झाली, तो माणूस ते मूल तिथे पोहोचण्याआधीच निघून गेलेला असू शकतो. आईने कितीही आठवून सांगितले तरी ती त्याला पाहिलेलाच नसते.

विषाणूजवळ मात्र आपल्या प्रवासाची खूण असते. गोवराच्या विषाणूचा जनुकीय मजकूर १५,८९४ अक्षरांचा आहे. करोनाच्या विषाणूचा सुमारे ३० हजार अक्षरांचा, म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट. या मजकुराची नक्कल होताना अधूनमधून एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या पिढीत जाते. दोन रुग्णांच्या विषाणूंतील चुका सारख्या असतील तर त्यांचे मूळ जवळचे, भिन्न असतील तर दूरचे. हस्तलिखित पोथ्यांच्या नकलांमधील चुका जुळवून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली हे अभ्यासक ठरवतात, तसाच हा प्रकार आहे.

सगळी १५,८९४ अक्षरे प्रत्येक वेळी वाचण्याची गरज पडत नाही. विषाणूच्या ‘एन’ या जनुकाच्या शेपटाशी ४५० अक्षरांचा एक तुकडा आहे. विषाणूच्या मजकुरात सर्वाधिक बदल जिथे दिसतात, त्या जागांपैकी ही एक. जागतिक आरोग्य संघटनेने हाच तुकडा ओळखीसाठी प्रमाण मानला. त्यावरून गोवराच्या विषाणूचे २४ जनुकप्रकार म्हणजे जीनोटाइप ठरले आणि त्यांना ए, बी-३, डी-४, डी-८, एच-१ अशी नावे मिळाली. यातला कोणताही प्रकार दुसऱ्यापेक्षा अधिक जहाल आहे असे नाही. एकाच लशीने सगळ्यांपासून संरक्षण मिळते. डी-८ आणि बी-३ हे शब्द ऐकून करोनाच्या ‘नव्या व्हेरियंट’सारखी धास्ती घेण्याचे कारण नाही. इथे प्रकाराचे नाव धोका सांगत नाही, फक्त गावचा पत्ता सांगते.

या पत्त्याचा पहिला मोठा उपयोग अमेरिकेत झाला. १९८९ ते १९९१ या तीन वर्षांत तिथे गोवराची मोठी साथ आली होती. सुमारे ५५ हजार रुग्ण आणि सव्वाशेच्या आसपास मृत्यू. त्या काळातील नमुने तपासले तेव्हा देशभर एकच प्रकार फिरत असल्याचे दिसले: डी-३. लशीची दुसरी मात्रा आणि लसीकरणाचा जोर यांमुळे रुग्ण झपाट्याने घटले. १९९३ नंतर जे थोडे रुग्ण सापडत राहिले, त्यांच्यातला विषाणू मात्र डी-३ नव्हता. कधी युरोपात फिरणारा, कधी जपानमधला, कधी आणखी कुठला. रुग्ण होते, पण घरचा विषाणू नाहीसा झाला होता. लागणीची साखळी तुटल्याचा असा थेट पुरावा नुसते रुग्ण मोजून मिळाला नसता. पुढे २००० मध्ये अमेरिकेने निर्मूलन जाहीर केले, त्यामागे हा पुरावा होता. तेव्हापासून जगभर निर्मूलनाचा दावा करणाऱ्या देशाला रुग्णसंख्या आणि लसीकरणाच्या आकड्यांबरोबर विषाणूच्या प्रकारांचा तक्ताही मांडावा लागतो.

नावात गावाचे नाव

जगभरातल्या सातशेहून अधिक प्रयोगशाळा गोवर-रुबेलाच्या जाळ्यात एकमेकींशी जोडलेल्या आहेत. त्या ४५० अक्षरांचे तुकडे लंडनमधून चालणाऱ्या एका सामाईक भांडारात जमा करतात. भांडारात एखादे वाण वारंवार, अनेक देशांत दिसू लागले की त्याला नाव दिले जाते. नावात जागा, देश, आठवडा आणि वर्ष असते. कॅनडातल्या वाणाचे नाव ‘एमव्हीएस/ऑन्टारियो.सीएएन/४७.२४’ असे आहे. म्हणजे ऑन्टारियो, कॅनडा, २०२४ सालचा ४७ वा आठवडा. प्रकार डी-८. ‘एमव्हीएस’ हा गोवर विषाणूचा संक्षेप, त्यातला शेवटचा ‘एस’ नमुना थेट रुग्णाकडून घेतल्याची खूण.

या नावांमध्ये आपल्या शेजारचे एक गाव जगभर गाजले आहे. ‘एमव्हीएस/गीर सोमनाथ.आयएनडी/४२.१६’. सोमनाथाच्या देवळाचा आणि गीरच्या सिंहांचा तोच गुजरातमधला जिल्हा. २०१६ सालच्या ४२ व्या आठवड्यातील नमुन्यावरून नाव पडलेले हे डी-८ वाण २०१८-१९ च्या सुमारास युरोपातल्या अनेक देशांत सापडत होते. ब्राझीलची गोष्टही अशीच. २०१६ मध्ये तो गोवरमुक्त ठरला. २०१७ मध्ये शेजारच्या व्हेनेझुएलात पेटलेली साथ सीमा ओलांडून आली, दोन्ही देशांत एकच वाण वर्षाहून अधिक काळ फिरत राहिले आणि आधी व्हेनेझुएलाने, मग २०१९ च्या सुरुवातीला ब्राझीलने दर्जा गमावला. त्या वाणाचे नाव होते ‘हुलू लंगत’. हा मलेशियातला एक जिल्हा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण वर्तमानपत्री मथळ्यांत नेमकी तिचीच गल्लत होते. वाणाच्या नावात गीर सोमनाथ आहे म्हणून ते तिथे जन्मले, किंवा युरोपात गोवर गुजरातने पाठवला, असा अर्थ होत नाही. ज्या नमुन्याची नोंद भांडारात संदर्भ म्हणून धरली गेली, तो त्या गावचा होता, एवढेच. ज्या भागात नमुने घेतले जातात आणि वाचले जातात, त्याचे नाव लागते. ज्या भागात घेतलेच जात नाहीत, तो नामानिराळा राहतो. पाहणी करणाऱ्या जिल्ह्याला बदनामी आणि न करणाऱ्याला मोकळीक, असा उलटा न्याय होऊ नये.

पत्ता कळण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो लशीशी निगडित आहे. १९५४ मध्ये बॉस्टनजवळच्या एका शाळेत डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या मुलाला गोवर झाला. जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेतील डॉ. थॉमस पीबल्स यांनी त्याच्या नमुन्यातून विषाणू वेगळा केला. त्या विषाणूला निर्बल करून १९६३ मध्ये पहिली लस आली. आज जगात वापरल्या जाणाऱ्या बहुतेक लशी त्याच विषाणूच्या वंशातल्या आहेत. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट जी लस बनवते, त्यातले ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ वाणही त्याच घराण्यातले. हा सगळा वंश ‘ए’ प्रकारचा आहे, आणि निसर्गात फिरणारा ‘ए’ आता उरलेला नाही.

लस टोचल्यावर आठवड्या-दीड आठवड्याने काही मुलांना ताप येतो आणि बारीक पुरळ उठते. हा लशीचाच सौम्य परिणाम असतो. तो दुसऱ्याला लागत नाही. पण रक्ताच्या चाचणीत हे मूल ‘गोवर आहे’ असेच दिसते, कारण लस घेतलेल्या आणि आजार झालेल्या शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये सारखीच असतात. साथीच्या वस्तीत घाईने मोहीम घेतली आणि दहा दिवसांनी तिथल्या मुलांना पुरळ उठले, तर ते साथीचे की लशीचे? घशातल्या स्रावातून विषाणूचा प्रकार काढला की काही दिवसांत उत्तर मिळते. ‘ए’ निघाला तर लस, डी-८ निघाला तर साथ. निर्मूलनाच्या उंबरठ्यावर, जिथे एकेका रुग्णाचा हिशेब द्यायचा असतो, तिथे हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

भारताचा हिशेब

भारतात सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस १९८५ मध्ये आली. दुसरी मात्रा २०१० पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. २०१७ ते २०२१ या काळात गोवर-रुबेलाच्या एकत्र लशीची मोहीम राबवून ३२ कोटींहून अधिक मुलांना ती दिली गेली. महाराष्ट्रात ही मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरअखेरीस शाळाशाळांतून सुरू झाली होती, हे अनेक पालकांना आठवत असेल. तेव्हा समाजमाध्यमांवर फिरलेल्या अफवाही आठवत असतील.

उद्दिष्टाची तारीख मात्र सरकत गेली. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागातील देशांनी २०२० हे वर्ष ठरवले. २०१९ मध्ये ते २०२३ झाले. मग करोना आला, नियमित लसीकरण विस्कळित झाले, आणि आता मुदत २०२६ आहे. याच विभागातील भूतान आणि मालदीव यांनी २०१७ मध्ये, उत्तर कोरिया आणि तिमोर-लेस्ते यांनी २०१८ मध्ये, तर श्रीलंकेने २०१९ मध्ये गोवराच्या निर्मूलनाचा टप्पा गाठला. छोट्या देशांशी भारताची तुलना अन्यायाची आहे, हे खरे. पण भूतानला दर्जा टिकवायचा तर शेजारून येणारा प्रत्येक गोवर ‘पाहुणा’ असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि तो शेजारी आपण आहोत, हेही तितकेच खरे.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘शून्य गोवर-रुबेला’ मोहीम जाहीर केली. त्या वेळी दिलेल्या आकड्यांनुसार पहिल्या मात्रेचे प्रमाण ९३.७ टक्के आणि दुसऱ्या मात्रेचे ९२.२ टक्के होते. २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत देशातील ३३२ जिल्ह्यांत गोवराचा एकही रुग्ण आढळला नव्हता. गोवर रोखायला दोन्ही मात्रांचे ९५ टक्के प्रमाण लागते. उरलेली तफावत कागदावर किरकोळ वाटते. पण भारतात वर्षाला जवळपास २ कोटी ६० लाख मुले जन्मतात, हे लक्षात घेतले तर दुसरी मात्रा न मिळालेली मुले एका वर्षात सुमारे २० लाख होतात. ही मुले देशभर सारखी पसरलेली असती, तर धोका कमी होता. ती एकेका वस्तीत, एकेका पाड्यावर गोळा झालेली असतात.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत हेच दिसले. गोवंडीच्या रफी नगरमध्ये ४८ तासांत तीन मुले दगावली आणि गोवराची साथ उघड झाली. महापालिकेचा एम-पूर्व विभाग तिचे केंद्र ठरला. पाठोपाठ भिवंडीतून, मालेगावातून रुग्ण कळू लागले. केंद्राची पथके मुंबईत आली. नोव्हेंबरमध्ये ती अहमदाबाद, रांची आणि मलप्पुरमलाही पाठवावी लागली. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना एक जादा मात्रा, आणि जिथे लहान अर्भकांमध्ये रुग्णांचे प्रमाण जास्त होते तिथे सहा महिन्यांपासूनच एक आगाऊ मात्रा देण्याचा निर्णय झाला. त्या दिवसांतल्या बातम्या रुग्णांच्या आणि मृत्यूंच्या आकड्यांनी भरलेल्या होत्या, आणि ते स्वाभाविक होते.

पण निर्मूलनाच्या दृष्टीने खरा प्रश्न वेगळा होता. मुंबई, अहमदाबाद, रांची, मलप्पुरम. एकाच महिन्यात चार दिशांना चार उद्रेक. ही एकच साखळी होती, की चार वेगवेगळ्या? एकच असेल, तर विषाणू रेल्वेने हिंडतो आहे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या वाटेवर लसीकरण करायला हवे. चार वेगळ्या असतील, तर चारही ठिकाणी विषाणू आधीपासून धुमसत होता आणि त्या-त्या शहराच्या पाहणीत तो महिनोन्‌महिने निसटला. दोन्ही परिस्थितींत उपाय वेगळे, जबाबदारी वेगळी. रुग्णांची यादी कितीही लांब असली, तरी ती हे सांगत नाही. उत्तर नमुन्यांमध्ये असते, आणि ते मिळायला नमुने घेतलेले असावे लागतात.

भारतात वर्षानुवर्षे प्रामुख्याने डी-४ आणि डी-८ हे दोन प्रकार फिरत आले आहेत. डी-७ आणि बी-३ यांच्याही नोंदी आहेत. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि चेन्नईची किंग इन्स्टिट्यूट या प्रयोगशाळांनी हा नकाशा अनेक वर्षांच्या कष्टाने उभा केला. अमेरिकेला १९९३ नंतर ‘घरचा’ डी-३ दिसेनासा झाला हे सांगता आले, कारण आधी घरचा कोण हे माहीत होते. भारतालाही एक दिवस ‘आमचा डी-८ आता सापडत नाही, सापडतो तो बाहेरचा’ असे सांगावे लागेल. त्यासाठी ‘आमचा’ डी-८ अक्षरन्‌अक्षर माहीत हवा.

प्रकार कमी, अडचण जास्त

इथेच एक विचित्र पेच उभा राहिला आहे. तो यशातून आलेला आहे. २००२ मध्ये जगभरात १३ जनुकप्रकार सापडत होते. लसीकरण वाढत गेले तसे एकेक घराणे संपत गेले. चीनमध्ये दशकानुदशके ठाण मांडून बसलेला एच-१ २०१९ नंतर नोंदला गेलेला नाही. भारताच्या ओळखीचा डी-४ही २०२० नंतर दिसेनासा झाला. २०२१ पासून जगात फक्त दोन प्रकार सापडतात: बी-३ आणि डी-८.

ही आनंदाची गोष्ट आहे. पण तपासनिसाच्या दृष्टीने पाहिले तर, गावात पूर्वी तेरा आडनावांची माणसे होती तेव्हा आडनावावरून घर सापडत असे. आता निम्मे गाव पाटील आणि निम्मे जाधव. ‘डी-८ सापडला’ या वाक्याला आता जवळजवळ काही अर्थ उरलेला नाही. म्हणून वर सांगितलेली नाव दिलेली वाणे महत्त्वाची झाली. पण तीही पुरत नाहीत. ४५० अक्षरांच्या तुकड्यात वर्षभरात एखादा तरी बदल होईलच, याची खात्री नसते. परिणामी एकाच देशात बारा महिने तंतोतंत तेच ४५० अक्षरी वाण सापडले, तर दोन अर्थ संभवतात. एक, साखळी अखंड चालू आहे. दोन, बाहेर कुठेतरी तेच वाण जोरात आहे आणि तिथून ते पुन्हा-पुन्हा आयात होते आहे. पहिला अर्थ खरा असेल तर दर्जा जातो, दुसरा खरा असेल तर राहतो. आणि तुकडा दोन्ही वेळा तेच दाखवतो.

ब्रिटनने २०१९ मध्ये दर्जा गमावला, तो एकच वाण २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत मिळून बारा महिन्यांहून अधिक काळ सापडत राहिल्यामुळे. कॅनडाच्या बाबतीत वाणाच्या जोडीला रुग्णांच्या भेटीगाठींचा मागही होता, त्यामुळे निष्कर्ष टाळण्याजोगा नव्हता. अमेरिकेत २०२५ च्या जानेवारीत टेक्सासमध्ये सुरू झालेल्या साथीत ७६२ रुग्ण झाले आणि दोन मुले दगावली. ती साथ ऑगस्टमध्ये संपल्याचे जाहीर झाले, पण दुसऱ्या राज्यांत नवे उद्रेक उभे राहिले होते. ते टेक्सासच्याच साखळीचे पुढचे दुवे होते की नव्याने आलेले पाहुणे, यावर तिथल्या शास्त्रज्ञांची सारी चर्चा येऊन ठेपली.

यावर उपाय म्हणजे अधिक अक्षरे वाचणे. विषाणूच्या एम आणि एफ या दोन जनुकांच्या मधे सुमारे हजार अक्षरांचा एक पट्टा आहे. त्यातून कोणतेही प्रथिन बनत नाही, म्हणून तिथे चुका खपून जातात आणि साचत राहतात. हा पट्टा वाचला की ४५० अक्षरांत सारखे दिसणारे विषाणू वेगळे पडू लागतात. त्याही पुढे जाऊन सगळी १५,८९४ अक्षरे वाचायची, हा पक्का मार्ग. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकनंतर ब्रिटिश कोलंबियात गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी हा प्रयोग केला होता. दोन वेगळे प्रकार, एच-१ आणि डी-८, एकाच सुमारास आले होते. संपूर्ण मजकूर वाचल्यावर कोणाकडून कोणाकडे लागण गेली, याचे बरेचसे धागे त्यांना उलगडता आले.

करोनाच्या काळात भारतात जनुकीय क्रम वाचणाऱ्या प्रयोगशाळांचे जाळे उभे राहिले. यंत्रे आली, माणसे शिकली. गोवराचा मजकूर करोनाच्या निम्मा. तो वाचायची क्षमता आज देशात आहे. कमतरता आहे ती वाचण्याजोग्या नमुन्यांची.

रक्ताची चाचणी पुरळ उठल्यावर चार आठवड्यांपर्यंत चालते. तिच्यातून गोवर आहे की नाही एवढे कळते. विषाणूचा पत्ता हवा असेल, तर घशातून काडीने स्राव घ्यावा लागतो, तोही शक्यतो पुरळ उठल्यापासून पाच दिवसांच्या आत. दोन आठवड्यांनंतर तो घेऊन फारसा उपयोग नसतो. शिवाय तो थंड डब्यातून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचायला हवा. आता आपल्याकडची रीत आठवावी. मुलाला गोवर ‘आला’ की तो ‘निघू द्यायचा’, अंथरुणाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचा, बाहेर न्यायचे नाही, सुई टोचायची नाही. या समजुतीत मुलाला घरात ठेवण्याचा भाग शहाणपणाचाच आहे. पण त्यातच ते पाच दिवस निघून जातात. आशा ताईला बातमी लागेपर्यंत पुरळ काळवंडून खपली धरू लागलेले असते. कधी न्यूमोनिया झाल्यावर मूल दवाखान्यात येते, तेव्हा डॉक्टरांचे लक्ष, अगदी योग्यपणे, त्याचा श्वास आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा यांच्यावर असते. घशातला स्राव घ्यायचे राहून जाते. खासगी दवाखान्यात तर ‘व्हायरल रॅश’ एवढे लिहून गोष्ट संपते.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने देशांसाठी मोजमापे घालून दिली आहेत. प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या प्रत्येक दहा साखळ्यांपैकी किमान आठ साखळ्यांतून विषाणूसाठी नमुना गेला पाहिजे. आणि ताप-पुरळाचे जे संशयित तपासून ‘गोवर नाही, रुबेलाही नाही’ असे निघतात, तेही दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला किमान दोन असले पाहिजेत. हे दुसरे मोजमाप पहिल्यांदा ऐकताना चमत्कारिक वाटते. आजार नसलेल्यांची संख्या कशाला मोजायची? कारण सरळ आहे. एखाद्या जिल्ह्याने वर्षभरात एकही गोवर नोंदवला नाही आणि एकही संशयितही तपासला नाही, तर तिथे गोवर नाही असे म्हणता येत नाही. तिथे कोणी पाहिले नाही, एवढेच म्हणता येते. २५ लाख वस्तीच्या जिल्ह्यातून वर्षाला निदान ५० नकारार्थी अहवाल आले, तर त्याच्या शून्याला वजन येते. ३३२ जिल्ह्यांच्या शून्याकडेही याच नजरेने पाहायला हवे. ज्या जिल्ह्यातून असे पुरेसे अहवाल येत नाहीत, त्याचे शून्य तूर्त कच्चेच धरायला हवे.

एखाद्या जिल्हाधिकाऱ्याला ‘माझ्याकडे गोवर सापडला’ हे कळवणे अडचणीचे वाटत असेल, तर हे काम पुढे सरकणार नाही. नमुने पाठवणारा जिल्हा आधी कौतुकाला पात्र ठरला पाहिजे, मग चौकशीला.

आणि २०२६ या मुदतीचे गणित असे: देशातल्या घरच्या विषाणूची शेवटची लागण अगदी ३१ डिसेंबर २०२६ रोजी झाली असे धरले, तरी ३६ महिन्यांच्या अटीनुसार शिक्कामोर्तब २०२९ च्या अखेरीआधी होणार नाही. या तीन वर्षांत लागण झालेली मुले सापडतीलच. कोणी आखातातून सुट्टीवर आलेल्या काकाकडून आजार घेईल, कोणी ऊसतोडीच्या फडावर, कोणी मुंबईच्या लोकलमध्ये. त्या प्रत्येकाच्या घशातला नमुना पाच दिवसांत निघाला, तर समितीसमोर ठेवायला उत्तर असेल. नाही निघाला, तर त्या मुलाचा गोवर कुठला होता हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि ३६ महिन्यांची मोजणी कुठून धरायची, तेही.